दर रविवारी सात मिलिमीटर

पहिल्याच रविवारी मी आक्कांना म्हटलं, "डोळे मिटा," आणि त्यांच्याबरोबर माझेही मिटले. सव्वीस वर्षं शाळेत प्रार्थनेला पोरांना डोळे मिटायला सांगत आलोय. ते शब्द तोंडातून निघाले की माझ्या पापण्या आपोआप खाली येतात. तर डोळे मिटून, अंगात होतं नव्हतं तेवढं विज्ञान एकवटून, मी पेनाच्या मागच्या टोकानं हळूहळू ठोकत निघालो. टक्, टक्, टक्. प्रत्येक ठोक्याला विचारायचं, "झिणझिण येतंय का?"

आक्का काही बोलेनात. मला वाटलं, प्रकरण गंभीर आहे.

"आक्का, इथं? अगदी काहीच नाही?"

"पाव्हणं," आक्का शांतपणे म्हणाल्या, "बाजंला कुटनं झिणझिण येनार?"

डोळे उघडले तर माझं पेन बाजेच्या लाकडावर, आणि आक्कांचा हात त्याच्याशेजारी उशीवर, निवांत पडलेला. आमच्याकडं लग्नाकार्यात जेवणं उरकली की गोष्टी सांगायला मलाच बसवतात. ही बाजेची गोष्ट मी तिथं इतक्या वेळा सांगितली आणि इतका हशा मिळवला की आता पोरंच शेवटचं वाक्य माझ्याआधी म्हणतात. पुढं काय झालं ते मात्र मी कुणाला सांगत नाही. ते इथं लिहितो.

आक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. दोघींचं माहेर माढ्याकडचं. आक्का लग्न होऊन सोलापुरात बाळे भागात आल्या. नवरा लवकर गेला, आणि त्यानंतर त्यांनी घर आणि एकुलती एक मुलगी, दोन्ही कडक भाकऱ्यांवर उभं केलं. ज्वारीची भाकरी कागदासारखी पातळ थापायची, भाजायची आणि मग मंद आचेवर वाळवत ठेवायची, की महिनाभर कुरकुरीत राहते. सोलापुरात पुष्कळ बाया हे करतात. पण आक्कांची भाकरी दुकानदार मागून घेत. थापताना त्या पिठाकडं बघायच्याच नाहीत. फोन कानाशी खांद्यानं धरून लेकीशी बोलत बसायच्या आणि हात आपला फिरत असायचा. कुठं जाड राहिली, कुठं चिरणार, ते बोटांनाच कळायचं.

गेल्या वर्षी संक्रांतीच्या आधी शेंगाचटणीची काचेची बरणी धुताना फुटली आणि काच उजव्या मनगटाच्या दोन बोटं वर आत शिरली. रक्त थांबलं, टाके पडले, पण अंगठा, त्याच्या शेजारचं बोट आणि मधलं बोट, तिन्ही मुकी झाली. चिमटा काढला तरी कळेना. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन करून डॉक्टरांनी तुटलेल्या नसेची दोन टोकं जोडली. बाहेर येऊन म्हणाले, "आम्ही शिवली. पण वाढायचं तिचं तिनं. तुटल्या जागेपासून पुढचे धागे मरून जातात. नवे धागे तिथून निघून, त्याच वाटेनं बोटांपर्यंत पोचायला हवेत. पोचले तर कळायला लागेल."

पोचले तर. आक्कांचं सगळं त्या दोन शब्दांवर टांगलेलं होतं.

प्लास्टर निघालं तेव्हा फिजिओथेरपीच्या मुलीनं एक साधी युक्ती शिकवली. बोटांच्या बाजूनं टाक्याकडं हळूहळू ठोकत यायचं. जिथं वाढणारं टोक आलेलं असेल तिथं ठोकलं की बोटांत झिणझिण जाते. तिथं ठिपका द्यायचा, टाक्यापासून अंतर मोजायचं, वहीत लिहायचं. दर रविवारी. बाईंचे डोळे मिटलेले हवेत, म्हणजे त्या अंदाजानं बोलणार नाहीत.

"रोज साधारण एक मिलिमीटर धरतात," ती म्हणाली. "पण प्रत्येकाचं वेगळं असतं. म्हणून तर मोजायचं. घरात कोण करेल हे?"

घरात विज्ञानाचा शिक्षक एकच. मी हात वर केला. खरोखरच वर केला, वर्गात करतात तसा.

आता यातला योगायोग असा की आक्कांची मुलगी, म्हणजे माझी भाची, हैदराबादला पीएच.डी. करते, आणि तिचा विषय हाच आहे. तुटलेली नस परत वाढताना तिच्यातल्या प्रथिनांचं फॉस्फोरिलेशन. हे नाव ती चार वर्षं सांगत होती आणि आम्ही चार वर्षं "वा, वा" म्हणत होतो. वही हातात आल्यावर मी पहिल्यांदा तिला व्हिडिओ कॉल लावून विचारलं, "बाई गं, नक्की काय असतं ते?"

"काका, हाताची नस म्हणजे हजारो धागे," ती म्हणाली. "पण त्या धाग्यांच्या पेशी हातात नसतात. त्या असतात मानेपाशी, कण्याजवळ. काच लागली मनगटाजवळ. मग तिथं मानेपाशी बसलेल्या पेशीला कळणार कसं, की माझा धागा तुटलाय?"

"वायरीसारखं. करंट जात असेल."

"तो जातो लगेच. पण तेवढ्यानं भागत नाही. जखमेपाशी काही प्रथिनांवर फॉस्फेटचा एवढासा गट चिकटवला जातो. चिकटला की प्रथिनाचा आकार बदलतो आणि ते कामाला लागतं. काढून घेणारेही असतात. काढला की काम बंद. हेच फॉस्फोरिलेशन. तर अशी खूण लागलेली प्रथिनं धाग्याच्या आतून ओढत वर पेशीपर्यंत नेतात. लांबचा प्रवास असतो. वाटेत खूण पुसली गेली तर निरोप पोचत नाही, म्हणून दुसरं एक प्रथिन तिला झाकून नेतं."

"पोचल्यावर?"

"पोचल्यावर पेशी रोजचं काम बाजूला ठेवते आणि वाढायच्या मागं लागते. तिकडं पुढच्या टोकालाही हेच चाललेलं असतं. इथं खूण लाव, तिथली काढ, सरक, थांब, वळ."

"म्हणजे तुझ्या आईच्या हातात हे आत्ता चालू आहे?"

"असणार. मी बघते ते उंदराच्या नसेत. आईच्या हातात काय चाललंय ते मला इथून दिसत नाही, काका. ते तुमच्या पेनालाच कळणार. नीट मोजा."

नीट मोजा, असं ती म्हणाली होती. ते मला नीट आठवतं.

पण मोजण्यापेक्षा मला सांगण्याचाच उत्साह जास्त. पुढच्याच आठवड्यात एका बारशाला मी मांडी ठोकून बसलो आणि सगळ्यांना फॉस्फोरिलेशन समजावलं. म्हटलं, "लग्नात एक साधा माणूस कोपऱ्यात पेपर वाचत बसलेला असतो. त्याच्या शर्टाला 'स्वागत समिती'चा बिल्ला लावा. लगेच उठतो की नाही? याला पाणी दे, त्याला खुर्ची दे, जेवणाच्या पंगतीत नुसता आरडाओरडा. बिल्ला काढला की पुन्हा कोपऱ्यात. प्रथिनाचं अगदी तसंच."

सगळे हसले. बायको ताटं उचलता उचलता म्हणाली, "तुम्हाला वही मिळाल्यापासून आम्ही तेच बघतोय."

तेव्हा मीही हसलो.

पहिले चार रविवार मी खरंच नीट मोजलं. आमच्या जुळे सोलापुरातल्या घरातून बाळ्यापर्यंत स्कूटरवर जायचो, डोळे उघडे ठेवून ठोकायचो, शाळेतल्या फूटपट्टीनं मोजायचो. चार मिलिमीटर. नऊ. बारा. पंधरा. दर आकड्याखाली तारीख, उजवीकडं समास, लाल शाईनं रेघ. वही अशी झाली होती की कुणालाही दाखवावी.

पाचव्या रविवारी परत पंधराच आलं.

दोनदा ठोकून बघितलं. पंधरा. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलंय. गेल्या वेळी जास्त मोजलं असेल, नाहीतर आज आक्कांचं लक्ष नसेल. नस थांबली असेल, हे माझ्या मनात आलं नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे आलं होतं. पण आक्का डोळे मिटून, चेहरा वर करून बसल्या होत्या, आणि त्यांना "थांबलीय" असं सांगायला माझी जीभ रेटेना. मी लिहिलं, बावीस.

याला आमच्याकडं एक परंपरा आहे. प्रयोगवहीची. लोलकाचा प्रयोग घ्या. उत्तर काय यायला हवं ते पुस्तकात छापलेलं असतं. पोरं आंदोलनं मोजतात, आकडे भलतेच येतात. मग ती काय करतात, उत्तरावरनं उलटं गणित मांडून आकडे तयार करतात आणि तक्ता भरतात. मला ते कळतं. पोरांनाही कळतं की मला कळतं. मी सही करतो. सव्वीस वर्षांत एकदाही मी वहीवर "हे खरं वाटत नाही" असं लिहिलेलं नाही. पुस्तकातला आकडा बरोबर, आपला चुकीचा, अशी माझ्या हाताला सवयच लागलेली. रोज एक मिलिमीटर, म्हणजे आठवड्याला सात. पंधरा अधिक सात, बावीस. खाली नेहमीसारखी लाल रेघ मारली.

एकदा तसं झाल्यावर पुढचं सोपं होतं. मार्चमध्ये दहावीच्या पेपरांचे गठ्ठे आले. दोन रविवार गेलोच नाही. फोन केला, "आक्का, कसंय?" त्या म्हणाल्या, "बरं हाय की." एकोणतीस. छत्तीस. एप्रिलमध्ये सोलापूरचं ऊन काय असतं ते नव्यानं सांगायला नको. दुपारी डांबर चिकटायचं चपलेला. मी घरी कूलरसमोर बसून वही भरली. त्रेचाळीस, पन्नास.

आणि जेव्हा जायचो तेव्हा काय करायचो, ते लिहायला जास्त जड जातंय. वहीत जो आकडा यायला हवा तो मी आधीच मनात धरलेला असायचा. फूटपट्टीनं तिथं तळहातावर ठिपका द्यायचो, त्याच जागी ठोकायचो आणि विचारायचो, "इथं येतंय ना?"

वर्गात विचारतो ना, "समजलं ना?" अगदी तसं. त्याचं उत्तर साठ पोरं एका सुरात देतात.

आक्का म्हणायच्या, "व्हय, येतंय की."

माझ्या सासुरवाडीत जावयाला नाही म्हणत नाहीत. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी जेवताना सहज म्हटलं, "अजून एक पुरणपोळी आहे का?" नव्हती. पण कुणी तसं बोललं नाही. मला गप्पांत गुंतवून शेजारच्या घरातनं मागवली आणि ताटात वाढली. हे मला बायकोनं दहा वर्षांनी सांगितलं. म्हणजे मला माहीत होतं. उन्हातान्हाचा लहान बहिणीचा नवरा आलाय, घाम पुसतोय, एवढ्या आशेनं विचारतोय, त्याला आक्का "न्हाय" म्हणणार कशा? त्या डाव्या हातानं चहा करायच्या, बशीत ओतून द्यायच्या आणि म्हणायच्या, "पाव्हणं, तुमी लई करताय माझ्यासाटी."

मी बशी तोंडाला लावायचो.

एप्रिलच्या शेवटी डॉक्टरांकडं तपासणी होती. बाहेर बाकांवर जागा नव्हती एवढी गर्दी. डॉक्टरांनी वही उघडली, चौसष्टपर्यंत बोट फिरवत आले आणि म्हणाले, "फार छान नोंद ठेवलीय, सर. असं कुणी ठेवत नाही." मग त्यांनी स्वतः तळहातावर एकदा ठोकलं. "येतंय?"

आक्कांनी आधी माझ्याकडं बघितलं. मी जराशी मान हलवली. म्हणजे, मी तेव्हा काय केलं ते मला नक्की सांगता येत नाही, पण आक्का म्हणाल्या, "व्हय."

"चालू द्या. दोन महिन्यांनी या."

जून लागला. शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात वहीत एकशे सहाचा आकडा आला. एकशे सहा म्हणजे तळहात जवळजवळ ओलांडून बोटांच्या मुळाशी. मी आनंदानं म्हटलं, "आक्का, नस बोटांच्या दारात येऊन उभी राहिली. आता गरम-गार कळायला लागेल बघा."

मला ते वाक्य फार आवडलं होतं. दारात येऊन उभी राहिली.

तिसऱ्या दिवशी आक्कांनी तवा ठेवला. पाच महिने शेजारीण येऊन भाकऱ्या करत होती आणि दुकानदार कुरकुरत होते. आक्कांनी थापली डाव्या हातानं कशीबशी, तव्यावर टाकली, आणि वरून पाणी फिरवायला उजवा हात नेला. पाव्हणं म्हणालेत कळायला लागेल. बोटं तव्याच्या कडेला टेकली आणि टेकलेलीच राहिली. शेजारीण पीठ चाळत होती. तिला आधी वास आला, मग तिनं वळून बघितलं आणि ओरडली, "आक्का, बोट! अवं, बोट भाजतंय!"

आक्कांनी तेव्हा खाली बघितलं. तोवर त्यांना काही माहीत नव्हतं.

आम्ही पोचलो तेव्हा अंगठ्याच्या शेजारची दोन बोटं पांढरी पडून फुगली होती. आक्का आमच्याच समजुतीला लागल्या. "दुखत न्हाय गं अजिबात," बहिणीला म्हणाल्या. बायको त्यावर जी रडायला लागली ती थांबेचना. दुखत नाही, यावर रडणं मी पहिल्यांदा बघितलं.

भाची दुसऱ्या दिवशी हैदराबादहून आली. आईचा हात बघितला, मग जमिनीवर बसून वही मांडीवर घेतली. मी दाराजवळच्या खुर्चीत. तिनं पानं उलटली, परत मागं आली, परत उलटली.

"काका, हे कुणी मोजलं?"

"मीच."

"सगळं?"

मी म्हटलं, "पट्टीनं."

"चार, नऊ, बारा, पंधरा. आणि मग सात, सात, सात, सात." ती मान वर न करता बोलत होती. "माझी रीडिंग वाकडी आली तर आमच्या गाइड-बाई काही म्हणत नाहीत. एकदाच रागावल्या होत्या माझ्यावर. फार सरळ आली होती तेव्हा."

मी पंख्याकडं बघितलं.

तिनं पेन घेतलं, आईला डोळे मिटायला सांगितले आणि बोटांच्या टोकाकडून ठोकत निघाली. काहीच विचारत नव्हती. फक्त म्हणाली, "कळलं की सांग."

तळहाताच्या मध्यावर आक्का म्हणाल्या, "पाव्हण्यांनी कुटं लिवलंय?"

"ते सोड, आई. तुला कुठं कळतंय?"

तळहात संपला. मनगट ओलांडलं. पेन टाक्याच्या अगदी जवळ आलं तेव्हा आक्कांचा हात एकदम उडाला. "आई गं! हितं. हितं बघ."

भाचीनं पट्टी लावली. तीनदा लावली. पंधरा मिलिमीटर.

"मग माझंच चुकलं म्हणायचं," आक्का म्हणाल्या. डोळे अजून मिटलेलेच होते. "ते विचारायचं आन् मी व्हय व्हय म्हणत गेले. मलाबी वाटायचं, येत आसंल. एवढं पाव्हणं म्हणत्यात तर आसंल."

या वेळी मी बोलायला हवं होतं. भाचीनं माझ्याकडं बघितलं, बायकोनं बघितलं. मी पाणी प्यायला आत गेलो.

अंगणात भाची हळू आवाजात म्हणाली, "डॉक्टरांना आज सांगायचं, सगळं. मी येते बरोबर. आईला तुम्ही सांगायचं. मी सांगितलं तर ती मलाच रागवेल, काकांना असं बोलतात का म्हणून."

डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुम्ही काय शिकवता?"

"विज्ञान."

त्यांनी वही मिटून माझ्याकडं सरकवली. रागावले असते तर बरं झालं असतं.

दुसरं ऑपरेशन झालं. जोडाजवळ व्रणाची गाठ झाली होती आणि नवे धागे तिच्यात गुंतून गोळा होऊन बसले होते. गाठ काढून, पायातल्या एका नसेचा तुकडा मध्ये जोडला. पायाची बाहेरची कड त्यामुळं बधिर राहते, एवढंच, असं डॉक्टर म्हणाले. हे ऑपरेशन कदाचित तसंही करावं लागलं असतं. पण तीन महिने आधी केलं असतं तर. नस जितकी थांबते तितकं पुढचं अवघड होत जातं. "बघू," म्हणाले.

रात्री भाची वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसली होती. मी शेजारी जाऊन बसलो. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "निरोप तर वर पोचला होता ना गं? त्या पेशीपर्यंत?"

"पोचला असणार. पेशीनं तिचं काम केलं असणार. धागे आलेच होते पंधरा मिलिमीटर. तिथून पुढं वाट नव्हती, हे त्यांना कुणाला सांगता येत नाही." मग म्हणाली, "ते सांगायला वही होती."

तेव्हापासून मी एकही रविवार चुकवलेला नाही. हे मी काही फुशारकी म्हणून लिहीत नाही. आता विचारतो, "कुठं कळतंय?" आणि गप्प बसतो. गप्प बसणं मला किती अवघड जातं, ते माझ्या घरच्यांना विचारा. पहिले तीन रविवार शून्य. मग तीन. तीन. आठ. मग सहा. सहा आला तेव्हा मी घाबरून भाचीला फोन केला, "आठचं सहा कसं झालं?"

"होतं तसं, काका. लिहा सहा."

लिहिलं. आता वही दिसायला अगदी गबाळी झालीय. खाडाखोड, चहाचे डाग, आकडे मागंपुढं.

आज आक्कांच्या अंगठ्याला कळतं. शेजारच्या बोटाला पेरापर्यंत कळतं, तिथं भाजल्याचा डाग आहे. मधल्या बोटाच्या टोकाला अजून नाही, आणि येईल की नाही ते कुणी सांगत नाही. भाकऱ्या परत सुरू झाल्यात, पण आता त्या थापताना पिठाकडं बघतात. एक कड जाड राहते. दुकानदार घेतात.

आणि आक्कांना मी सांगितलेलं नव्हतं. आठ महिने. दर रविवारी स्कूटरला किल्ली लावताना बायको विचारायची, "आज सांगणार का?" आणि परत आलो की विचारायचीसुद्धा नाही, नुसती तोंडाकडं बघायची. मी ठरवून जायचो. पण आक्का दारातच म्हणायच्या, "या पाव्हणं, माझ्यामुळं तुमाला किती तरास," आणि माझे शब्द चपलांपाशीच राहायचे. एकदा तर त्यांनी माझ्यादेखत शेजारणीला सांगितलं, "पाव्हण्यांनी लई मन लावून मोजलं. मीच येडी, खोटं व्हय म्हणत बसले." मी तिथं बसून शेंगा सोलत होतो. सोलत राहिलो.

गेल्या महिन्यात एका रविवारी मोजून झालं. मधल्या बोटाला विचारलं, कळतंय का. आक्का बोट डोळ्यांपुढं धरून म्हणाल्या, "न्हाय, पाव्हणं. आता खोटं व्हय म्हननार न्हाय मी. एकदा म्हनले त्याची शिक्षा मिळाली."

शिक्षा, असं त्या म्हणाल्या. मग मला बसवेना. मी सांगितलं. पाचव्या रविवारी पंधराच आलं होतं आणि मी बावीस लिहिलं, इथपासून. न येता भरलेले आकडे, कूलर, आधी ठिपका मग ठोका, डॉक्टरांपुढची मान. सांगताना मी पायाच्या अंगठ्याकडं बघत होतो. माझे विद्यार्थी बघतात तसं.

आक्का उठल्या, तव्यावरची भाकरी उलटली, परत येऊन बसल्या.

"पाचव्या रविवारी," त्या म्हणाल्या. "तवा मार्च होता."

"हो."

"मला वाटायचं, सगळं माझ्यामुळं." त्यांनी उजवा हात पदराखाली घेतला. मग माझ्याकडं बघून, जावयाशी बोलतात त्याच आवाजात म्हणाल्या, "जाऊ द्या आता. तुमी लिवलं खरं, पन व्हय मीच म्हनले की. निम्मी चूक माजी, निम्मी तुमची. च्या घेनार न्हवं?"

मी चहा घेतला. खरं सांगायचं तर येताना स्कूटर जरा हलकी चालल्यासारखी वाटली. पुलावर गार वारा होता. आठ महिन्यांनी पहिल्यांदा मी रस्त्यानं काहीतरी गुणगुणत आलो.

घरी बायको ओट्यापाशी मेथी निवडत होती. मी पाण्याचा तांब्या घेतला आणि म्हटलं, "सांगितलं." तिचे हात थांबले. मग मी सगळं सांगितलं, काय बोललो, त्या काय बोलल्या. शेवटी म्हटलं, "मनाच्या फार मोठ्या आहेत आक्का. म्हणाल्या, निम्मी चूक माझी, निम्मी तुमची."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? चहा घेतला."

बायको रागावली की तिची भाषा माढ्याला जाते. मेथीची जुडी तिनं ताटात टाकली.

"आट म्हैने ती सगळी चूक एकटीनं वागवत हुती," ती म्हणाली, "आन् तुमी निम्मी तिच्याकडंच ठिवून आलाय व्हय? उद्या शाळंला जायच्या आदी बाळ्याला जावा, आन् तेवढी घिऊन या."